सबवूफर आणि रिसीव्हरची लेव्हल कशी जुळवायची, आपल्या फ्लॅटच्या हॉलसाठी

घरी ५.१ सिस्टिम आहे (पाच स्पीकर आणि फक्त बेस वाजवणारा एक सबवूफर, म्हणजे सब), त्या सगळ्यांना आवाज पुरवणारा रिसीव्हर चांगला आहे, सबही चांगला आहे, पण पिक्चर लावला की कोणीतरी उठून सबच्या मागचा नॉब कमी करतं आणि गाणी लावली की परत कोणीतरी वाढवतं, असं बऱ्याच घरांत चालू असतं. हे सगळं त्यांच्यासाठी लिहितोय. सबचा नॉब एकदाच नीट लावायचा असतो, त्यानंतर रोजचा आवाज फक्त रिसीव्हरच्या रिमोटवरून कमीजास्त करायचा आणि सब त्याच्या मागोमाग आपोआप वरखाली होतो. हे जमलं नसेल तर सब खराब आहे असं लगेच समजू नका, बहुतेक वेळा लेव्हलचीच वाटणी चुकलेली असते.

आधी हे बघू की सबचा आवाज नक्की कुठेकुठे ठरतो. तीन ठिकाणी. एक म्हणजे सबच्या मागचा नॉब ज्यावर गेन किंवा लेव्हल किंवा नुसतंच व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. दुसरं रिसीव्हरच्या मेन्यूमधली सबवूफरची चॅनेल लेव्हल, जिला ट्रिम पण म्हणतात, डेनॉन-मरांट्झमध्ये ती उणे १२ ते अधिक १२ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) असते, यामाहात साधारण उणे १० ते अधिक १०. आणि तिसरं मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे आपलं रिमोटवरचं बटण. मास्टर सगळ्या स्पीकर्सना सारखाच वरखाली करतो त्यामुळे जुळवाजुळवीत त्याचा काही रोल नाही. प्रश्न पहिल्या दोघांचा आहे.

आता गेन आणि ट्रिम हे एकामागोमाग एक लागलेले आहेत. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह आणि बाथरूमचा नळ असतो तसं समजा, वरचा व्हॉल्व्ह जेमतेम उघडा असेल तर खाली नळ पूर्ण सोडूनही धार येत नाही. रिसीव्हरमधून सिग्नल आधी ट्रिममधून जातो, मग आरसीए केबलने सबला पोचतो, मग सबचा गेन ठरवतो की आलेला सिग्नल किती मोठा करायचा. म्हणून ट्रिम अधिक ८ आणि गेन एकदम कमी असं ठेवलं तरी खोलीत आवाज तेवढाच येऊ शकतो जेवढा ट्रिम उणे ५ आणि गेन अर्ध्यावर ठेवून येतो. पण दोन्हींत फरक आहे. ट्रिम खूप वर असेल तर पिक्चरमध्ये मोठा स्फोट आला की रिसीव्हरचा सबवाला आउटपुटच त्याच्या मर्यादेपलीकडे जातो, सिग्नलचे शेंडे कापले जातात, आणि तो फाटलेला सिग्नल सब इमानदारीने मोठा करून ऐकवतो. मग आपल्याला वाटतं सबचा ड्रायव्हर, म्हणजे आतला पडदा, फाटला. उलट ट्रिम अगदी तळाला आणि गेन फुल असेल तर सिग्नल नसतानाही सबमधून हम आणि सूं असा आवाज ऐकू येतो, आणि ज्या सबमध्ये ऑटो-ऑन (सिग्नल आला की आपोआप सुरू होणं) आहे तो कमी आवाजात जागाच होत नाही कारण त्याच्यापर्यंत पोचणारा सिग्नलच क्षीण असतो.

म्हणून माझं मत सरळ आहे: रिसीव्हरची ट्रिम उणे ३ ते उणे ८ च्या मध्ये कुठेतरी यावी आणि गेन त्याला जुळेल तसा असावा. शून्याच्या वर ट्रिम नको. बाकी सगळं सेटिंग या एका गोष्टीसाठी आहे.

पण लेव्हलला हात लावायच्या आधी जागा. खरं सांगायचं तर अर्ध्याहून जास्त काम इथेच आहे आणि लोक नेमकं हेच सोडून देतात.

आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. म्हणजे ८० हर्ट्झची एक लाट सव्वाचार मीटरची, ४० हर्ट्झची साडेआठ मीटरची, २० हर्ट्झची सतरा मीटरच्या पुढे. आपला हॉल किती? १० बाय १६ फूट, वर साडेनऊ फुटांवर स्लॅब. लाट खोलीपेक्षा मोठी झाली की ती भिंतींमध्ये अडकते आणि ठराविक फ्रिक्वेन्सीला खोली स्वतःच घुमायला लागते. कुठल्या, ते काढायला सोपं आहे: ३४३ ला खोलीच्या मापाच्या दुपटीने भागायचं, माप मीटरमध्ये. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर येतं ५६ हर्ट्झ. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर, उत्तर ३५. आणि साडेनऊ फुटांची उंची, २.९ मीटर, उत्तर ५९. आता बघा, रुंदीचे ५६ आणि उंचीचे ५९ एकमेकांना चिकटून आहेत, म्हणजे अशा हॉलमध्ये ५५-६० च्या पट्ट्यात सगळं घुमणार, ढब्ब ढब्ब होणार, आणि वरून आपल्या भिंती विटांच्या, स्लॅब आरसीसीचा, खाली विट्रिफाइड टाइल्स, बेस बाहेर जायला किंवा जिरायला वावच कमी. परदेशी व्हिडिओंमध्ये लाकडी फळ्यांच्या आणि पोकळ भिंतींच्या खोल्या असतात, त्यातून बराच बेस निसटून जातो, त्यामुळे तिथे सांगितलेले आकडे इथे जसेच्या तसे लावू नका.

याच लाटांची दुसरी बाजू अशी की खोलीच्या बरोब्बर मध्यभागी त्या पहिल्या फ्रिक्वेन्सीचा दाब जवळपास शून्य असतो आणि भिंतीपाशी सगळ्यात जास्त. म्हणजे सोफा हॉलच्या अगदी मध्यावर असेल तर काही नोट्स गायबच होतात, आणि सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर त्याच नोट्स अंगावर येतात. गायब झालेली नोट गेन वाढवून परत येत नाही, कारण जेवढा थेट आवाज वाढतो तेवढाच भिंतीवरून परत येऊन त्याला मारणारा आवाजही वाढतो. सोफा एक फूट पुढे-मागे केला तर जो फरक पडतो तो नॉबने पडत नाही.

सबची जागा शोधायची जुनी पद्धत आहे आणि ती अजूनही उत्तम आहे: सब उचलून तुम्ही बसता त्या जागी, सोफ्यावर ठेवा (वजनदार असेल तर दोघांनी उचला, केबल लांब लागेल), बेसचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) किंवा सतत बेस गिटार चालू असलेला ट्रॅक लावा, आणि मग स्वतः भिंतीच्या कडेकडेने, जिथे सब ठेवणं शक्य आहे अशा प्रत्येक जागी खाली वाकून कान जमिनीजवळ नेऊन ऐका. जिथे सगळ्या नोट्स साधारण सारख्या ऐकू येतात, एखादीच घुमत नाही की एखादी गायब होत नाही, तिथे सब ठेवायचा. लाटेच्या हिशोबाने तुमची आणि सबची जागा अदलाबदल केली तरी चालते म्हणून हे काम करतं. कोपऱ्यात ठेवला तर आवाज सगळ्यात जास्त मिळतो हे खरं, लहान ८ इंची सब असेल तर त्याचा फायदा घ्या, पण घुमणंही तिथेच सगळ्यात जास्त. आणि हॉलमध्ये टीव्ही युनिट, दिवाण, बाल्कनीचं दार, चपलांचं कपाट हे सगळं सांभाळून जागा दोन-तीनच उरतात हे मला माहितीये, त्या दोन-तीनमधली चांगली तरी निवडा.

जागा ठरली की सबच्या मागची बाकीची बटणं. लो-पास किंवा क्रॉसओव्हर नॉब (कुठल्या सुरापर्यंतचा बेस सबने वाजवायचा ते ठरवणारा) पूर्ण वर फिरवा, किंवा एलएफई (पिक्चरमधला फक्त बेसचा वेगळा चॅनेल) असा स्विच असेल तर तो लावा, कारण क्रॉसओव्हर रिसीव्हर करणार आहे आणि दोघांनी केलं तर मधला पट्टा दोनदा कापला जातो. फेज (सबची लाट बाकीच्या स्पीकर्सच्या लाटेशी जुळवणारा स्विच) सध्या ० वर. केबल एलएफई लिहिलेल्या इनपुटला, ते नसेल तर डाव्या इनपुटला. पॉवर ऑटोऐवजी ऑन करा, निदान सेटिंग होईपर्यंत.

रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर स्मॉल करा. हो, टॉवर असले तरी. स्मॉल म्हणजे कमीपणा नाही, खालचा बेस सबकडे पाठवा एवढाच त्याचा अर्थ. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, थिएटरच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सने पण हाच आकडा धरलाय आणि बहुतेक बुकशेल्फ (मध्यम आकाराच्या) स्पीकर्सना तो चालतो, अगदी छोटे सॅटेलाइट असतील तर १०० किंवा १२०. एलएफईचा लो-पास १२० वर राहू द्या, ते वेगळं सेटिंग आहे, दोन्हीत गोंधळ नको. सबवूफर मोडमध्ये एलएफई अधिक मेन असा पर्याय असतो तो नको, यामाहात एक्स्ट्रा बेस म्हणून असतो तोही बंद, कारण तोच बेस टॉवरमधूनही आणि सबमधूनही वाजायला लागला की लेव्हल कशाशी जुळवायची तेच कळत नाही. टोन कंट्रोल शून्य.

आता लेव्हल. गेन घड्याळातल्या १० च्या काट्याच्या जागी ठेवा, म्हणजे अर्ध्यापेक्षा थोडा कमी, आणि रिसीव्हरसोबत आलेला माइक लावून ऑटो कॅलिब्रेशन चालवा, डेनॉन-मरांट्झची ऑडिसी असो, यामाहाची वायपीएओ असो की पायोनियरची एमसीएसीसी. माइक सोफ्याच्या पाठीवर किंवा उशीवर ठेवू नका, कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला. आणि पंखा बंद. हे अगदी मनापासून सांगतोय, सीलिंग फॅनचा वारा माइकवर लागला की तो खालच्या फ्रिक्वेन्सीतच आवाज म्हणून मोजला जातो, नेमकं जिथे आपल्याला स्वच्छ रीडिंग हवंय. एसी बंद, फ्रिज हॉलमध्ये असेल तर तेवढा वेळ तोही, कुकर लावायच्या आधी किंवा नंतर करा, खाली रस्ता असेल तर सकाळी लवकरची किंवा दुपारची शांत वेळ बघा.

ऑडिसीच्या वरच्या मॉडेलमध्ये सुरुवातीलाच सबची लेव्हल स्क्रीनवर दाखवतात आणि सांगतात की नॉब फिरवून ७५ डीबीजवळ आणा, तसं करा. हे नसेल तर कॅलिब्रेशन संपल्यावर मेन्यूत जाऊन सबची ट्रिम बघा. उणे १२ दिसली तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण रिसीव्हरला कदाचित उणे १६ हवं होतं पण त्याचा तळ उणे १२ च आहे, म्हणजे सब अजून जास्त वाजतोय. गेन कमी करा आणि कॅलिब्रेशन परत. ट्रिम अधिकमध्ये आली तर गेन वाढवा आणि परत. उणे ३ ते उणे ८ मध्ये आली की थांबा. कंटाळवाणं आहे, पण दरवेळी माइक आठ-आठ जागी ठेवून मोजायची गरज नाही, लेव्हल जुळेपर्यंत कमीत कमी जागी मोजा आणि शेवटच्या वेळी सगळ्या.

सबचं अंतर रिसीव्हरने खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं, म्हणजे सब ८ फुटांवर आणि मेन्यूत १२, तर ते दुरुस्त करू नका. सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे आवाज थोडा उशिरा निघतो आणि तो उशीर रिसीव्हर अंतराच्या रूपात धरतो.

ज्यांच्याकडे माइक नाही किंवा हरवलाय त्यांनी हाताने करायचं. रिसीव्हरच्या मेन्यूतला टेस्ट टोन लावा, तो प्रत्येक स्पीकरमधून फिरतो, आणि आवाज मोजायच्या मीटरवर प्रत्येक स्पीकर ७५ डीबीला आणा, सबही. मीटर सी वेटिंग आणि स्लोवर पाहिजे; वेटिंग म्हणजे कुठले सूर किती धरून मोजायचे ते, आणि स्लो म्हणजे काटा सावकाश हलतो. इथे फार मोठा घोळ होतो कारण फोनमधली बरीच ॲप्स ए वेटिंगमध्ये मोजतात, आणि ए वेटिंग ५० हर्ट्झला जवळपास ३० डीबी कमी दाखवतं, १०० हर्ट्झला १९ कमी, ३१.५ ला ३९ कमी. सी वेटिंग ३१.५ ला फक्त ३ कमी दाखवतं. म्हणजे ए वर मोजून सब बाकीच्या स्पीकर्सच्या बरोबरीला आणायला गेलात तर सब वीस-तीस डीबी जास्त वाजेल आणि मीटर म्हणेल सगळं बरोबर आहे. ॲपमध्ये सी निवडता येत असेल तरच वापरा, आणि तेव्हाही फोनचा माइक खालच्या सुरांना कच्चा असतो हे धरून शेवटचा निर्णय कानावर ठेवा. सबच्या टोनला काटा दोन-तीन डीबी वरखाली नाचतो, मधला आकडा धरायचा.

फेजसाठी ८० हर्ट्झचा टोन पेन ड्राइव्हवरून लावा, पुढचे दोन स्पीकर आणि सब एकदम वाजू द्या, तुम्ही सोफ्यावर बसा आणि कोणालातरी सबचा फेज स्विच ० आणि १८० करायला सांगा. ज्यात जास्त जोरात ऐकू येतं ते बरोबर, कारण तिथे दोघं एकमेकांना साथ देतायत. ऑटो कॅलिब्रेशन केलं असेल तर शक्यतो ० च बरोबर निघतं.

इथपर्यंत जे झालं त्याला सपाट म्हणतात आणि बऱ्याच जणांना ते ऐकून वाटतं सब कमी आहे. वाटू दे, दोन-तीन दिवस तसंच ऐका, कान आधीच्या घुमणाऱ्या बेसला सरावलेले असतात. मग हवं तर ३ डीबी वाढवा, अगदी आवड असेल तर ५, पण हे वाढवणं रिसीव्हरच्या ट्रिममध्ये करा, सबच्या नॉबवर नाही, कारण ट्रिमला आकडा असतो आणि परत मूळ जागी येता येतं. गेन आधी बरोबर लावलाय म्हणून ३ डीबी वाढवूनही आपण शून्याच्या वर जात नाही, तिथे ठेवलेली जागा आत्ता कामाला येते. आणि हो, उणे ३ वरच थांबला असाल आणि ५ वाढवायचे असतील तर आधी गेन थोडा वर घ्या आणि ट्रिम तेवढीच खाली आणा.

कानाने तपासायचं कसं, तर बातम्या लावा. पुरुष निवेदकाचा आवाज टीव्हीच्या बाजूने आला पाहिजे. तो जर सबच्या दिशेने, पेटीतून बोलल्यासारखा यायला लागला तर एक तर लेव्हल जास्त आहे किंवा क्रॉसओव्हर वर आहे. मग तबल्याचं एखादं चांगलं रेकॉर्डिंग लावा. बायाची घुमारी, मनगट दाबल्यावर सूर सरकतो ती मींड, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग ऐकू आली पाहिजे. मधेच एका जागी ती एकदम फुगत असेल तर तिथे खोली घुमतेय, ती लेव्हलची नाही तर जागेची तक्रार आहे. माझ्या मते बेस तपासायला याच्याइतकं चांगलं वाद्य नाही, स्फोटांच्या आवाजात सगळंच चांगलं वाटतं. मग गाणं चालू असताना सब बंद करा, परत चालू करा. बंद केल्यावर गाणं पोकळ वाटलं पाहिजे, चालू केल्यावर सबकडे लक्ष जाता कामा नये.

गाणी छान पण पिक्चरला जास्त होतं, ही सगळ्यात कॉमन तक्रार. त्याचं कारण आहे. पिक्चरच्या ५.१ मध्ये तो .१ म्हणजे एलएफई चॅनेल वेगळा असतो आणि तो बाकीच्या चॅनेलपेक्षा १० डीबी जास्त वाजवायचा असं ठरलेलंच आहे. स्टिरिओ गाण्यात हा चॅनेल नसतोच, तिथे सब फक्त पुढच्या स्पीकर्सचा खालचा भाग वाजवतो. म्हणून पिक्चरसाठी सबची ट्रिम कमी केली की गाणी मरतात. त्याऐवजी रिसीव्हरच्या ऑडिओ मेन्यूत एलएफई लेव्हल नावाचं वेगळं सेटिंग शोधा, डेनॉन-मरांट्झमध्ये ते ० पासून उणे १० पर्यंत जातं, तिथे उणे ३ ते ५ करा. स्फोट शांत होतील आणि गाण्यांना धक्का लागणार नाही.

दुसरी तक्रार, मोठ्या आवाजात मस्त आणि रात्री हळू लावलं की बेस गायब. यात सेटिंगची चूक नाही, आपले कानच असे आहेत. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये बेल लॅब्जमध्ये हे मोजून दाखवलं की आवाज जितका हळू तितके खालचे सूर कानाला अजूनच कमी ऐकू येतात. रिसीव्हरमधली डायनॅमिक ईक्यू किंवा वायपीएओ व्हॉल्यूम यासाठीच आहे, मास्टर खाली आला की बेस त्या प्रमाणात उचलून देतात. मास्टरवर ० म्हणजे थिएटरची रेफरन्स लेव्हल, ज्यात एका स्पीकरचा सगळ्यात मोठा क्षण १०५ डीबी आणि एलएफईचा ११५ धरलेला असतो, फ्लॅटमध्ये तिथे कोणी जात नाही, आपण उणे २५-३० वर असतो, म्हणून डायनॅमिक ईक्यू चालू ठेवावी असं माझं म्हणणं आहे. फक्त सिरियल आणि गाणी पिक्चरपेक्षा मोठ्या लेव्हलला रेकॉर्ड केलेली असतात त्यामुळे तिथे तो बेस जास्तच उचलतो, मग रेफरन्स लेव्हल ऑफसेट १० किंवा १५ करा. आणि वर सांगितलेले ३ डीबी हे डायनॅमिक ईक्यू चालू केल्यावर ठरवा, आधी नाही, नाहीतर दोनदा वाढतं.

शेजाऱ्यांचं. बेस भिंत आणि स्लॅबमधून जातो, दार बंद करून तो थांबत नाही. सबखाली जाड रबर किंवा फोमचं पॅड टाकलं तर फरशीतून जाणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारा बेस तसाच राहतो. केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे १० ते ६, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी, पण हे आकडे ए वेटिंगचे आहेत, म्हणजे मीटरवर नियमात बसूनही खालच्या काकूंच्या कपाटातली भांडी वाजत असू शकतात. मीटर दाखवून वाद घालण्यापेक्षा दहानंतर ट्रिम ५-६ ने खाली घ्या, रिमोटवर चॅनेल लेव्हलचं थेट बटण बऱ्याच रिसीव्हरला असतं. नाईट मोड असेल तर तोही लावा, संवाद वर राहतात आणि दणके दबतात.

दोन सब असतील तर एकेक करून दोन्ही सारख्याच रीडिंगला आणा, एक चालू असताना दुसरा बंद, मग दोन्ही चालू करून कॅलिब्रेशन केलं की रिसीव्हरची ट्रिम ३ ते ६ डीबीने खाली येईल. पातेली, शोकेसची काच, खिडकीचं स्लायडिंग, फॉल्स सीलिंगमधले दिवे यातलं काहीही थरथरलं तरी आपल्याला वाटतं बेस जास्त आहे, म्हणून एकदा २० ते १०० हर्ट्झचा स्वीप लावून घरभर फिरा आणि जे वाजतं त्याच्याखाली फेल्टचा तुकडा लावा. गेन बरोबर असूनही हम येत असेल तर सेट-टॉप बॉक्सची डिशवाली केबल काढून बघा, हम थांबला तर ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला करंट) आहे, त्यासाठी केबलवर लावायचा आयसोलेटर मिळतो, सब आणि रिसीव्हर एकाच बोर्डवर लावूनही बरेचदा जातो. थ्री-पिनची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढायची नाही.

सगळं झालं की गेनच्या नॉबवर परमनंट मार्करने एक छोटी रेघ मारा, कारण झाडू-पोछा करताना तो हमखास फिरतो, आणि चॅनेल लेव्हल, अंतर, क्रॉसओव्हर या तिन्ही स्क्रीनचे फोनमध्ये फोटो काढून ठेवा. सोफा हलवला, गालिचा टाकला किंवा जाड पडदे लावले तर कॅलिब्रेशन परत करा, आणि तेव्हा गेनला हात न लावता आधी ट्रिम किती आली ते बघा.